पूर्ण नाव, स्पष्ट आवाजात

पूर्णिमाने बाळाबाईंची हनुवटी दोन बोटांत धरून टॅबकडे वळवली, आणि आपण आईच्या वयाच्या बाईची हनुवटी धरली आहे हे लक्षात येताच पटकन सोडली.

"इथं बघायचं, मावशी. या बारीक भोकात. माझ्याकडे नाही."

"तुमच्याकडं बगितलं तर काय हुतंय?"

"मशीनला वाटतं, मी तुम्हाला उत्तर सांगतेय."

"सांगतायसाच की तुमी."

पूर्णिमाने टॅब पुन्हा सलाईनच्या खोक्याला टेकवून उभा केला. तो पुन्हा घसरला. तिने त्याच्या बुडाशी कापसाचा रोल सरकवला आणि दोन पावलं मागं जाऊन कमरेवर हात ठेवून उभी राहिली. प्रसूतिगृहाची ही स्टोअररूम तिने मुद्दाम निवडली होती, कारण इथं जरा शांतता होती. जरा म्हणजे किती, तर दाराची कडी मोडलेली आणि दारापलीकडच्या बाकड्यांवर नातेवाइकांचा बाजार भरलेला. कोल्हापूरची माणसं कानगोष्टी करायला लागली तरी पलीकडच्या गल्लीत ऐकू जातात, हे नाशिकहून इथं नांदायला आलेल्या पूर्णिमाला पहिल्याच आठवड्यात कळलं होतं.

प्रसूतिगृहात मावशीचं काम करणाऱ्या सगळ्या बायकांचं ऑनलाइन प्रशिक्षण, ती ऑफिसचं काम बघते म्हणून, तिच्या गळ्यात पडलं होतं. हात कसे धुवायचे, बाळ कसं उचलायचं, रक्ताचे कपडे कुठल्या रंगाच्या पिशवीत टाकायचे, असे एकेक व्हिडिओ, त्यावर प्रश्न आणि शेवटी प्रमाणपत्र. सोमवारी तपासणी होती. त्या दिवसापासून ज्या मावशीकडे प्रमाणपत्र नाही, तिला प्रसूतीच्या खोलीत आणि बाळांच्या खोलीत पाऊल टाकता येणार नव्हतं, आणि ज्या मावशीला तिथं पाऊल टाकता येत नाही, तिच्या जागी एजन्सी दुसरी पाठवणार होती. हे डॉक्टर मॅडमनी सगळ्यांना एकत्र बसवून सांगितलं होतं. बाकीच्या सुटल्या होत्या. राहिल्या होत्या फक्त बाळाबाई, ज्या इथं वीस-बावीस वर्षं बाळांना अंघोळ घालत होत्या. आणि पोर्टल आज संध्याकाळी पाचला बंद होणार होतं.

बरं, बाळाबाईंनी अभ्यास केला नव्हता असंही नाही. व्हिडिओ बघितले, प्रश्न सोडवले, पासही झाल्या. अडलं होतं ते अगदी शेवटच्या पायरीवर. ओळख पडताळणी. टॅबसमोर बसायचं आणि पडद्यावर दिसणारं एक वाक्य आपलं पूर्ण नाव घालून मोठ्यानं म्हणायचं. बास. पोरखेळ होता.

"म्हणा आता."

बाळाबाईंनी पदर नीट केला. घसा साफ केला.

"मी बाळाबाई चौगले, ही परीक्षा स्वता दिली हाय."

टॅबमधली बाई साखरेच्या पाकात बुडवल्यासारख्या आवाजात म्हणाली, "पडताळणी अयशस्वी. कृपया पुन्हा प्रयत्न करा."

पूर्णिमाने डोळे मिटून घेतले. या बयेचं एक होतं, काय चुकलं ते ती मेली तरी सांगायची नाही. नुसतं पुन्हा प्रयत्न करा, पुन्हा प्रयत्न करा. सकाळपासून हेच चाललं होतं, आणि सकाळपासून पूर्णिमा एकच निदान करत होती.

"हाय नाही, मावशी. आहे. आहे म्हणायचं. तुम्ही हाय म्हटलं की त्या मशीनला वाटतं तुम्ही इंग्रजीत नमस्कार करताय."

दारात ट्रे घेऊन उभी असलेली क्रांती फिसकन हसली. क्रांती इथली स्टाफ नर्स, इकडच्याच कबनूरची. तिच्या तोंडाला फाटक नव्हतं.

"हसू नकोस गं तू. म्हणा मावशी. आ-हे."

"आ-हाये."

"आऽ. हे."

"ह्ये बगा, पूर्णिमाताई," बाळाबाई म्हणाल्या, "मी तोंडातनं आहे काढतो, पर भाईर येतंय तवर त्येचं हाय हुतंय. मी काय करू सांगा."

मी काढतो, मी जातो, मी येतो. इथल्या बायका स्वतःबद्दल असं पुरुषासारखं बोलतात याची सवय व्हायला पूर्णिमाला सहा महिने लागले होते. पण आता तिला त्याचंही काही वाटेनासं झालं होतं. आता तिला फक्त एक 'आहे' हवं होतं. तिने बाळाबाईंकडून ते घोटून घेतलं. शाळेत पाढे घोटतात तसं, भिंतीकडे तोंड करून, टॅब बंद ठेवून. प्रयत्न मोजकेच होते, ते उधळून चालणार नव्हतं. शेवटी बाळाबाईंच्या तोंडून 'दिली आहे' असं स्वच्छ, धुतल्यासारखं बाहेर पडलं, तेव्हा क्रांतीने ट्रे काखेत धरून टाळ्या वाजवल्या.

टॅब चालू केला. बाळाबाई म्हणाल्या. 'आहे' इतकं सुंदर आलं की पूर्णिमाच्या अंगावर काटा आला.

"पडताळणी अयशस्वी. कृपया पुन्हा प्रयत्न करा."

"अगं बाई, आता काय तुझ्या पाया पडू?" पूर्णिमा टॅबवर ओरडली.

रागाच्या भरात तिने रेकॉर्डिंग लावलं आणि टॅब कानाशी धरला. एकदा ऐकलं. पुन्हा ऐकलं. मग सावकाश तो खाली ठेवला.

"मावशी, पूर्ण नाव म्हटलंय तिथं. आधार कार्डावरचं. बाळाबाई कृष्णात चौगले. मधलं कुठं गेलं?"

बाळाबाई खिडकीबाहेर बघू लागल्या. खिडकीबाहेर शेजारच्या इमारतीची भिंत होती, बघण्यासारखं काही नव्हतं.

"मालकाचं नाव घेत न्हाईत त्या," क्रांती म्हणाली. "आमच्यातल्या म्हाताऱ्या बायका बी घ्यायच्या न्हाईत आदी. आता घेत्यात की समद्या."

पूर्णिमाने कपाळावर हात मारून घेतला. नुसतं म्हणायला नव्हे, खरोखरच मारला, चांगला आवाज झाला.

"मग सकाळपासून सांगायचं नाही का हे?"

"तुमी कुटं इचारलासा? तुमी हाय-आहे करत बसलासा."

तेही खरंच होतं. डोक्यात तिडीक जात होती, पण रागवायचं कुणावर? तिने स्टूल ओढलं आणि बाळाबाईंच्या पुढ्यात बसली. समजुतीचा सूर लावायचं ठरवलं.

"उखाण्यात घेता ना? मग मनातल्या मनात उखाणा म्हणा, आणि नाव तेवढं मोठ्यानं."

"हळदीकुकू हाय व्हय हे? भवतीनं खोकी आन् समोर पाटी." टॅबला त्या पाटीच म्हणत.

"बरं, नाव मी म्हणते. मी मागं उभी राहते, तुम्ही नुसतं तोंड हलवा."

हे त्यांना पटलं. पूर्णिमा त्यांच्या पाठीमागे वाकून उभी राहिली. बाळाबाईंनी "मी बाळाबाई" म्हटलं आणि तोंड उघडून थांबल्या, पूर्णिमा आवाज जाड करून "कृष्णात" म्हणाली.

"दुसऱ्या व्यक्तीचा आवाज आढळला. आपला एक प्रयत्न वजा करण्यात आला आहे."

एवढं मात्र त्या बयेला बरोब्बर कळलं. आता तीनच प्रयत्न राहिले होते. पूर्णिमाने फोन काढून मदतकेंद्राचा नंबर लावला. बराच वेळ बासरी वाजली, मग एक मुलगा बोलला.

"नमस्कार, मी यशराज. मी आपली काय सहायता करू शकतो?"

पूर्णिमाने सगळं सांगितलं.

"मॅम, मिडल नेम मँडेटरी आहे."

"हो, पण त्या नाव घेत नाहीत."

"ओके मॅम. म्हणजे त्यांना नाव माहीत नाहीये का?"

"अहो, माहीत आहे. नवरा आहे त्यांचा. घेत नाहीत."

"ओके मॅम. म्हणजे त्यांना उच्चार जमत नाहीये. तसं असेल तर वाचादोषाचा ऑप्शन आहे. त्यासाठी सरकारी दवाखान्याचं सर्टिफिकेट अपलोड करावं लागेल, सात कामाचे दिवस लागतात. आणखी काही सहायता—"

पूर्णिमाने फोन कापला. तो लगेच वाजला. तिच्या नवऱ्याचा होता.

"राजवर्धन, नंतर. नाही, राजवर्धन, मला माहीत नाही चावी कुठं आहे. फ्रीजवर बघ. राजवर्धन, मी कामात आहे."

तिने फोन खिशात टाकला तेव्हा बाळाबाई तिच्याकडे टक लावून बघत होत्या.

"लई घेतासा तुमी," त्या म्हणाल्या.

"काय?"

"नाव. एका दमात तीनदा घेतलासा."

त्या काही टोमणा मारत नव्हत्या. लहान पोराने दुसऱ्याच्या हातातला पेरू बघावा तसं बघत होत्या. पण साडेचार वाजून गेले होते, पूर्णिमाने दुपारचा डबा उघडलेला नव्हता, आणि हिच्या नोकरीसाठी आपण जीव टाकतोय नि ही नावं मोजत बसलीय, एवढंच तिला दिसलं. तिचा तोल सुटला.

"मग तुम्हीही घ्या ना! एकदा! सोमवारी तुम्हाला घरी बसवतील मावशी, कळतंय का? एवढ्या वर्षांची नोकरी जाईल एका नावापायी. आणि नाव घेतलं तर होणार काय आहे? नवरा काय लगेच मरणार आहे का?"

क्रांतीच्या हातातला ट्रे खण्णकन खाली पडला. तिने तो उचलला नाही. ती पूर्णिमाकडे डोळे मोठे करून, मान हलवून, नाही-नाही अशा खुणा करत राहिली, पण आता उशीर झाला होता.

बाळाबाई शांतच होत्या.

"काय ठावं," त्या म्हणाल्या. "मेला बी असंल."

पूर्णिमाला काही कळेना.

"चौदा वरसं झाली की. तुमी नव्या, तुमाला कुटलं म्हाईत." त्यांनी खाली वाकून ट्रे उचलला, त्यातल्या कात्र्या एकीकडे केल्या. "गारगोटीच्या बाजाराला गेलतो आमी दोगं. भांडान न्हाई, तंटा न्हाई. स्टँडवर मला पिशव्यांजवळ बसीवलं, चा पिऊन येतो म्हणला. मी बसलो. बगतो तर त्यो पार तिकडल्या टोकाला, कोकणाकडची गाडी लागल्याली, तिच्या रांगंत हुबा. मला वाटलं चुकून हुबारला. मी हाका मारल्या. अवं, अवं म्हणून. लई मोट्यानं मारल्या."

बाहेर कुणाचं तरी पोर रडत होतं.

"निम्मं स्टँड वळलं. अवं म्हटल्यावर कोन बी वळतंय. त्योच वळला न्हाई. चडला, गाडी गेली."

"ऐकू आलं नसेल," पूर्णिमा म्हणाली.

"तेच की. त्येला काय कळणार, कुणाच्या बायकूची अवं ती. नावानं हाक मारली असती तर वळला असता. न्हाई तर न्हाई, पर मला कळलं तरी असतं, ऐकून गेला का न ऐकता गेला त्ये." त्यांनी ट्रे क्रांतीच्या हातात दिला. "तोंडात आलतं. हितवर आलतं. पर एवड्या बाप्यांत मालकाचं नाव घ्यायचं म्हंजे लाजच वाटली बगा. आन् तवा त्येला हाक मारली न्हाई, ते आता ह्या पाटीला सांगू व्हय? प्रमाणपत्रासाटी?"

पूर्णिमा उठली. तिला स्वतःचा राग आला होता, पण त्याहून जास्त त्या टॅबचा, त्या पाकातल्या आवाजाचा, वाचादोषवाल्या यशराजचा, आणि एका बाईचं नाव तिच्या स्वतःच्या नावावर का पुरं होत नाही याचा. तिने बाहेर जाऊन डॉक्टर मॅडमना फोन लावला. मॅडम ऑपरेशनच्या गडबडीत होत्या.

"पूर्णिमा, सगळ्या बायका म्हणाल्या की. एक नाव तर म्हणायचंय. मी कुणाकुणाला सूट देत बसू? बघ काय ते."

बघ काय ते. बघण्यासारखं काहीच नव्हतं, तरी पूर्णिमा परत येऊन म्हणाली, "राहू दे मावशी. नका घेऊ. मी बघते काय ते."

"तुमी काय बगनार?" बाळाबाई म्हणाल्या.

त्यांनी हात लांबवून कापसाच्या रोलवरचा टॅब उचलला. दोन्ही हातांत धरला, बाळाला अंघोळीआधी धरायच्या तसा, बोटं पसरून.

"हे कुटं दाबायचं? हितं? क्रांते, दार लाव."

क्रांतीने दार लोटलं. कडी नव्हती, ते निम्मंच लागलं.

"मी बाळाबाई," त्या म्हणाल्या, मग ओठ हलले, काहीतरी पुटपुटलं गेलं, "चौगले, ही परीक्षा स्वता दिली—"

"आवाज खूप कमी आहे. कृपया मोठ्याने बोला."

पूर्णिमाला वाटलं, टॅब हिसकावून घ्यावा आणि भिंतीवर आपटावा. पैसे पगारातून कापून घेतले तरी चालतील.

"मी बाळाबाई कृष्णात—"

"आवाज कमी आहे. कृपया आणखी मोठ्याने बोला."

"आगं, म्हटलं की!" क्रांती रडकुंडीला येऊन म्हणाली. पूर्णिमाने तिच्या तोंडावर हात ठेवला. दुसरा आवाज नको.

बाळाबाई उठून उभ्या राहिल्या. टॅब त्यांनी हातभर लांब धरला. पण बघत होत्या त्या टॅबच्याही पलीकडं, खोक्यांच्या वर, लांब कुठंतरी. छाती भरून श्वास घेतला.

"मी बाळाबाई!" त्या म्हणाल्या, आणि मग त्यांनी ते नाव म्हटलं नाही, मारलं. रानातून बांधावरच्या माणसाला हाक मारतात तसं, शेवट लांबवून, सगळा जीव ओतून. "कृष्णाऽऽऽत!"

स्टोअररूममधल्या बाटल्या किणकिणल्या. बाहेरचा गलका एकदम थांबला. बाळाबाईंचा श्वास लागला होता. बाकीचं त्यांनी हळू, एका दमात उरकलं, "चौगले, ही परीक्षा स्वता दिली हाय."

"पडताळणी यशस्वी," टॅबमधली बाई म्हणाली. "अभिनंदन."

हाय तसंच राहिलं होतं. बयेला त्याचं काहीच नव्हतं. पूर्णिमाला हसावं की रडावं समजेना, आणि ती काहीतरी बोलणार तेवढ्यात दार ढकललं गेलं.

तिशीचा एक माणूस दारात उभा होता. गळ्यात टॉवेल, हातात चहाचा थर्मास, चेहरा पार उतरलेला. पळत आला असावा.

"कोन हाक मारलं मला? मी कृष्णात. कृष्णात खोत, राधानगरीचा. काय झालं? मंडळी बरी हाय न्हवं माजी?"

क्रांतीने ट्रेमागे तोंड लपवलं. बाळाबाई त्याच्याकडे बघत राहिल्या. टॅब अजून त्यांच्या हातात तसाच लांब धरलेला होता.

"बरी हाय, पावणं," शेवटी त्या म्हणाल्या. "अजून येळ हाय तिला. भ्यायचं न्हाई."

"मग हाक कशापायी मारलासा?"

"तुमाला न्हवती ती."

"असं व्हय." त्याने टॉवेलने तोंड पुसलं. ओशाळून हसला. "मला वाटलं मलाच. माफ करा हं मावशी." तो जायला वळला.

"पर आलासा," बाळाबाई त्याच्या पाठीला म्हणाल्या. त्यांचा आवाज आता कमी होता, कुठल्याही मशीनने घेतला नसता इतका. "एका हाकंत आलासा."

थर्मास या हातातून त्या हातात घेत तो तसाच दारात उभा राहिला.